मूठभर जास्तीची बाजरी

लग्न होऊन मी बदनापूरला आले ती पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून, आणि रिकामी बसले की माझं डोकं फिरतं. सासऱ्यांची बियाणं पॅक करायची शेड घरामागेच होती. दोन हजार सालच्या आसपास मी त्यांच्या मागे लागून पिशव्या भरणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. काट्यावर दीड किलो झालं की कॉम्प्युटरने झडप बंद करायची, एवढंच काम. सासऱ्यांनी मुदत दिली मृगाआधीच्या शनिवारपर्यंत. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा हाताचा तराजू आणि मी घरात. हे शेवटचं त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं, पण मला ते स्वच्छ ऐकू आलं होतं.

यंत्र शहाण्यासारखं चालायचं आणि मधूनच एखाद्या पिशवीत मूठभर बाजरी जास्त सोडायचं. मी आधी झडपेला दोष दिला, मग इलेक्ट्रिशियनला. मग हट्टाने जालन्याहून दुप्पट वेगाचा कॉम्प्युटर आणला. बाजरी तशीच. आता तिप्पट वेगाचा आणायचा का, असं नवऱ्याने विचारलं. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी एक छोटा प्रोग्राम लिहिला. काट्याने वजन झाल्याचं सांगितल्यापासून झडपेला हुकूम जाईपर्यंत किती वेळ जातो, ते प्रत्येक पिशवीला मोजायचं. बहुतेक वेळा पापणी लवायच्या आत काम होत होतं. पण तेव्हाच पिशव्यांच्या नोंदी डिस्कवर लिहिणं चालू असलं की खोळंबा व्हायचा आणि तेवढा वेळ झडप उघडीच राहायची. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, एकदा लिहायला बसला की ते संपेपर्यंत कुणाचं ऐकतच नव्हता. वेग वाढवून स्वभाव बदलत नसतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या सिस्टीमचा कोड खुला होता, बदलता येत होता. पण चालू काम मधेच तोडलं आणि नोंदी अर्धवट राहिल्या तर सगळाच बट्ट्याबोळ. मला भीती वाटत होती, आणि गुरुवार उजाडला होता.

त्या सकाळी आमचे म्हातारे मापाडी काका निवडून उरलेली बाजरी पायलीने मोजून देत होते. एकाऐवजी शुभ म्हणून लाभ म्हणत 'लाभ, दोन, तीन' असं चाललेलं. मी चहाला हाक मारली तर त्यांनी वरही पाहिलं नाही. पाचवी पायली ओतली, तुरीचा एक दाणा डाव्या मुठीत घेतला आणि मग शांतपणे म्हणाले, "आणा चहा."

मी म्हटलं, आधी का नाही बोललात?

"आधी बोललो असतो तर मोजणी चुकली असती, बाई. दाणा मुठीत आला की पाच पक्के झाले. आता चहा पिऊन आलो तरी काही बिघडत न्हाई."

काकांनी चहा घेतला, मी तशीच आत पळाले. काम कुठेही तोडायचं नव्हतं. जिथे एक तुकडा पक्का होतो तिथेच थांबायचं होतं. लिहिण्याच्या त्या लांबलचक फेऱ्यात प्रत्येक तुकडा पुरा झाला की कर्नलने विचारायचं, कुणी तातडीचं थांबलंय का? असेल तर आधी त्याचं, मग उरलेलं लिखाण. जोडायच्या ओळी थोड्याच होत्या, त्या कुठे जोडायच्या हे शोधण्यात शुक्रवार गेला. वीज दोनदा गेली तेव्हा मी रडकुंडीला आले.

शनिवारी सासरे स्वतः येऊन बसले. त्यांनी मुद्दाम नोंदींची जुनी फाईल कॉपी करायला लावली, प्रिंटर चालू करायला लावला आणि पिशव्या एकेक करून दुसऱ्या काट्यावर ठेवत गेले. काटा दर वेळी बरोबर दीड किलोवर थांबत होता. चाळीस झाल्यावर ते उठले आणि सरळ जेवायला गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी केदारखेड्याचे एक बियाणेवाले यंत्र बघायला आले. असं यंत्र आमच्याकडे बसवता येईल का, असं त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"ते सुनंला इचारा," सासरे म्हणाले. "कारखाना तिच्या हातात हाये, मी नुसता बी निवडून राह्यलो."

मी पाहुण्यांना खुर्ची दिली आणि झडपेपासून कर्नलपर्यंत सगळं सांगत सुटले. पाहुण्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. सासरे मात्र दारातच उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते.