भोकावरचा तळहात

त्याला सगळे टोकन म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते पाणी नसलेल्या टाकीसारखं, नुसतं वर बसून. बायकोसुद्धा घरात ‘अहो’ म्हणायची आणि बाहेर ‘आमचे टोकन’.

बसथांब्यासमोरच्या इमारतीत, जिन्याखाली त्याचं गेमचं दुकान होतं. दाराला मळकट पडदा, आत ओळीनं उभी मशिनं, बटणांचा खडखडाट आणि पोरांच्या घामाचा वास. दाराशी उंच स्टुलावर हा बसलेला, खिशात पितळी टोकनं खुळखुळत. पोरानं टोकन घ्यायचं, मशिनच्या भोकात टाकायचं, खेळायचं. भोक हाच तिथला शब्द.

मशिनं कुठून कुठून फिरत आलेली. खेळ साठवलेले आतले बोर्ड म्हणजे नकलेची नक्कल. मशिनच्या पडद्यावर खेळाचं नाव यायचं ते कुणाला वाचता न येणाऱ्या अक्षरांत, नाहीतर आधीच्या मालकानं पुसून स्वतःच्या दुकानाचं घातलेलं. मग पोरांनीच नावं पाडली. एक टकल्या. एक म्हशी, कारण त्यातली विमानं म्हशींसारखी रमतगमत खाली यायची. आणि सगळ्यांत अवघड ती विहीर. तीत एक माणूस दोराला लटकून खाली खाली जायचा, हातात दिवा. बाजूच्या कपारींतून काहीबाही चावायला यायचं. चावलं की दिवा विझला. तीन दिवे मिळायचे. जीव गेला, लाइफ संपली, असं त्या दुकानात कुणी म्हणायचं नाही. कुठलाही खेळ असो, दिवा गेला म्हणायचे. तिसरा गेला की स्टुलावरून आवाज यायचा, “दिवा गेला, ऊठ! मागचा उभा आहे.”

पण टोकन ओळखला जायचा तो त्याच्या तळहातामुळे. एखादं पोर शाळा बुडवून आलंय, डोळे तांबारलेत, तरी आणखी एक टोकन मागतंय, असं दिसलं की हा स्टुलावरून उतरायचा आणि मशिनच्या भोकावर तळहात ठेवायचा. बोलायचा नाही. रडा, पाया पडा, शिव्या द्या, हात हलायचा नाही. स्वतःची मुलगी खेळायला आली तर तिलाही तेच.

बायको कपड्यांच्या इस्त्रीच्या दुकानात कामाला. दुपारी डबा घेऊन यायची आणि हे बघून वैतागायची. “धंदा करताय की मास्तरकी? चालत आलेलं गिऱ्हाईक उठवताय.”

“खेळणाऱ्याला कळत नाही कधी उठायचं,” टोकन म्हणायचा. “मग ते मलाच कळायला नको?”

पुढे घराघरांत फोन आले, पोरं फोनांत गेली. पडद्याआड नुसती मशिनं उजळत राहिली आणि त्यांच्यासमोर टोकन, एकटा. शेवटी भंगारवाला आला. ती उचलून टेम्पोत चढवताना टोकन मदतीला होता. काच फुटू नये म्हणून ओरडत होता. भंगारवाला म्हणाला, “काका, फोडायलाच तर नेतोय.”

मग त्याला एका मोठ्या दुकान-संकुलाच्या गाडीतळावर काम लागलं. फाटकाशी काचेच्या खोक्यात बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला प्लॅस्टिकचं टोकन द्यायचं. बायको म्हणाली, “घ्या, नशिबानं काही टोकन सोडलं नाही.” तोही हसला.

त्याच खोक्यात एके दुपारी तो कलंडला. मूठ आवळलेली, मुठीत टोकन. पुढच्या गाडीवाल्याला ते मिळेना म्हणून तो हॉर्न वाजवत राहिला, त्याच्या मागचे त्याच्यावर. बराच वेळ सगळे टोकनलाच शिव्या घालत होते.

दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवं अंग गेलेलं. वाचा गेली, तीही विचित्र पद्धतीनं. डोकं शाबूत होतं, सगळं समजत होतं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा. “दिवा.”

पाणी हवं, दिवा. कूस बदला, दिवा. बायको नाहीतर मुलगी उठून बटण दाबायची. दिवा लागला तरी तो “दिवा, दिवा” म्हणत मान हलवायचा. मग त्या बंद करायच्या. तरी तेच. शेजारीण म्हणाली, “डोळ्यांना अंधारी येत असेल,” आणि मुलीनं जास्त उजेडाचा दिवा आणून लावला.

खरा घोळ गिळण्याचा होता. चमचाभर पातळ भरवलं तरी ते भलत्या वाटेनं जायचं, ठसका लागायचा, छातीत कफ भरायचा. पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया. नाकातून नळी घातली तर डाव्या हातानं उपटून टाकायचा. नर्सनं हात बांधला तेव्हा त्यानं बायकोकडे असं बघितलं की तिनं स्वतः गाठ सोडली आणि नर्सची बोलणी खाल्ली.

शेवटी घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी उपाय सांगितला. तरुण होते, बोलायला गोड. टोकनचा सदरा वर करून त्यांनी निळ्या पेनानं पोटावर वाटोळं काढलं. “इथं एक छोटं भोक पाडायचं. त्यातून नळी थेट पोटात. वरून अन्न सोडायचं. मग गिळायची कटकटच नाही. बरीच वर्षं काढतात लोक असे.”

“आणि बोलणं? चालणं?” बायकोनं विचारलं.

“ते आता आहे तसंच. सोमवारी मी येईन, तेव्हा हो की नाही सांगा.”

त्या दिवसापासून टोकन डावा हात पोटावर ठेवून पडायला लागला. मुलगी म्हणाली, “आई, बाबांचं पोट दुखतंय बहुतेक.” ती पोटदुखीचं औषध घेऊन आली. तो तोंड घट्ट मिटून घ्यायचा. “एवढे हट्टी नव्हते ना गं बाबा?” मुलगी म्हणायची. “होते,” आई म्हणायची.

मुलीचं ठरलेलं होतं. नळी घालायची. बायकोचं काही ठरत नव्हतं. माणूस उपाशी तडफडत ठेवायचा नाही एवढं तिला कळत होतं, पण काचेच्या खोक्यातून काढून त्याला आता दुसऱ्या खोक्यात बसवतोय असंही वाटत होतं. विचारायचं तर कुणाला? ज्याला विचारायचं तो दिवा म्हणणार.

इस्त्रीच्या दुकानाच्या बाजूला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मालकाला स्क्रू म्हणायचे. चाळिशीचा गडी, पण एके काळी टोकनच्या मशिनला चिकटलेला, त्याच्या तळहाताला पोटभर शिव्या दिलेला. बायकोनं त्याला सहज विचारलं, “डावा हात चालतो त्यांचा. मन रमेल असं काही आहे का तुझ्याकडे?”

स्क्रूनं खणातून हाताएवढी एक डबी काढली. मध्ये स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं. “वहिनी, यात जुने सगळे खेळ चालतात. आपल्या दुकानातले धरून हजारो.”

“लोक हे घेतात? फोन असताना?”

“घेतात म्हणजे? नवीन खेळात रोज काहीतरी विकत घे म्हणतात, जाहिरात दाखवतात. हा खेळ नुसता खेळ असतो. काहीजण लहानपण शोधायला घेतात. अर्धेअधिक घेतात, दोन दिवस खेळतात आणि खणात टाकतात. हीसुद्धा तसलीच, माझीच.” तो हसला. “पण मला आवडते ती तिचं झाकण उघडं आहे म्हणून. ओपन सोर्स म्हणतात. कंपन्या आपल्या मालाला कुलूप लावतात, आत बोट घालू देत नाहीत. हिच्यातलं सॉफ्टवेअर कुणीही उघडावं, हवं तसं बदलावं. आता बघा, उजवीकडची सगळी बटणं मी डावीकडे आणून देतो. टोकनशेट एका हातानं खेळतील.”

“विहीर आहे यात?”

तिथंच अडलं. यादीत हजारो नावं, पण विहीर हे नाव जगात फक्त त्या जिन्याखाली होतं. स्क्रू एकेक खेळ उघडायचा, बंद करायचा. बायको इस्त्री तापेपर्यंत येऊन बघून जायची. संध्याकाळ होताना तो भिंतीपलीकडून ओरडला, “वहिनी, दोर दिसला!”

घरी तिनं ती डबी टोकनच्या डाव्या हातात दिली. त्यानं उलटीसुलटी करून बघितली, जशी शिळी भाजी बघतात तशी. मग स्क्रीनवर तो दोर, तो वाकडा माणूस आणि तो टिणटिण आवाज. टोकनच्या घशातून काहीतरी बाहेर पडलं. हसू होतं. वाकड्या तोंडाचं, लाळेचं, पण हसू. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली. आई तिला कोपरानं ढोसून म्हणाली, “गप्प बघ.”

खालच्या कोपऱ्यात तीन पिवळे ठिपके होते. माणसाला काहीतरी चावलं, एक ठिपका विझला. टोकन बोट टेकवून म्हणाला, “दिवा.”

हा दुकानातला दिवा, बायकोला आत्ता कळलं. इतके दिवस ती बटणं दाबत होती भिंतीवरची.

मुलीला आनंद झाला तो वेगळाच. डबीत एक सोय होती: खेळ जिथं आहे तिथं जपून ठेवायचा, आणि मेलं की तिथूनच पुन्हा उठायचं. बाबांचा शेवटचा दिवा गेला की ती पटकन दोन बटणं दाबायची आणि तिन्ही दिवे परत. “बघा बाबा, हरायचं कामच नाही!”

पहिल्यांदा टोकननं तिच्याकडे नुसतं बघितलं. मग भुवया चढल्या. तिनं पुन्हा दिवे आणून दिले तेव्हा त्यानं डबी पलंगाखाली भिरकावली.

“काय हे बाबा! तुमच्यासाठीच करतेय ना मी?” मुलगी रडकुंडीला आली.

बायकोनं डबी उचलली. कोपऱ्याचा टवका उडालेला, पण चालू होती. दुसऱ्या दिवशी ती स्क्रूपुढे जाऊन उभी राहिली. “हे जपून ठेवायचं जे आहे ना, ते काढून टाकता येतं?”

“अहो वहिनी, लोक त्याच्यासाठी तर घेतात!”

“झाकण उघडं आहे म्हणालास ना? मग काढ.”

त्यानं काढलं. मान हलवत का होईना, काढलं.

रविवारी दुपारी टोकन पुन्हा विहिरीत उतरला. पहिला दिवा लवकर गेला. दुसऱ्यावर बराच खाली गेला. तिसऱ्यावर तो इतका खाली उतरला की तिथली कपार मुलीनं कधी पाहिलीच नव्हती. श्वास घरघरत होता, पण तोंडावर दुकानातल्या स्टुलावरचा टोकन होता. मग काहीतरी चावलं. कोपरा काळा झाला. पडद्यावर त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांची ओळ आली.

“आणखी एकदा, बाबा?” मुलीनं सवयीनं हात पुढे केला.

टोकननं डबी छातीवर ठेवली आणि तिच्या स्क्रीनवर तळहात ठेवला. बोटं जुळवून, सपाट.

मुलगी थांबली. लहान असताना त्याच हातापुढे ती जमिनीवर लोळली होती. “भोकावर हात,” ती हळूच म्हणाली.

मग टोकननं तो हात उचलला आणि पोटावर, निळ्या वाटोळ्यावर ठेवला. तसाच. बोटं जुळवून, सपाट.

आईला डॉक्टरांचा शब्द आठवला, इथं एक छोटं भोक पाडायचं. पोट दुखत नव्हतं त्याचं. त्या दिवसापासून तो रोज, दिवसभर, उत्तर देत होता आणि त्या दोघी त्याला औषध पाजायला बघत होत्या.

“नाही,” मुलगी म्हणाली. “आई, नाही हं. एका खेळावरून तू ठरवणार?”

“मी नाही ठरवत.”

“मग? उपाशी मारायचं बाबांना?”

“त्यांना विचार ना. मला काय विचारतेस?” आईचा आवाज चढला. “तुझ्या बापाचं डोकं गेलेलं नाही.”

मुलगी पलंगाच्या कडेला बसली. नाक पुसलं. “बाबा, नळी घातली की तुम्ही राहाल आमच्यात. घालू या?” हात हलला नाही. “नको घालायला?” टोकननं डोळे मिटून उघडले आणि दुसरा हात चालत नव्हता म्हणून पोटावरचाच उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मग पुन्हा होता तिथं.

“मेलात तरी हट्टच करणार तुम्ही,” मुलगी म्हणाली. रडत होती, पण तिनं तो हात हलवायचा प्रयत्न केला नाही.

सोमवारी डॉक्टर आले. हात बघून म्हणाले, “पोटात दुखतंय का?”

“नाही,” बायको म्हणाली. “ते पुरे म्हणतायत.”

डॉक्टरांनी समजावलं, मग जरा कडक शब्दांत समजावलं, मग टोकनला स्वतः दोनतीन तऱ्हांनी विचारून बघितलं. दर वेळी उत्तर एकच. जाताना ते म्हणाले, त्रास होणार नाही एवढं बघतो. आणि तो शब्द त्यांनी पाळला.

सोपं काही नव्हतं. ओठ सुकायचे, बायको ओल्या बोळ्यानं टिपायची. मान पाखरासारखी बारीक झाली. शेजारपाजारचे येऊन तिच्या तोंडावर हळहळायचे आणि जिन्यात गेल्यावर तिच्या नावानं बोलायचे. तिला ते इस्त्रीच्या टेबलाशी कुणाकुणाकडून कळायचं. तिनं कुणाला विहिरीची गोष्ट सांगितली नाही. सांगून कळलीही नसती. स्क्रू एकदा येऊन पायाशी बसून गेला. “शेट, लई शिव्या दिल्या होत्या तुम्हाला,” म्हणाला. टोकन वाकडं हसला.

गेला तो भर दुपारी. मुलगी कामावर होती. ती धापा टाकत आली तेव्हा आई पलंगाशीच बसलेली होती, हात मांडीवर, जणू पुढचं काम कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेली. डोक्यावर तो जास्त उजेडाचा दिवा जळत होता. सकाळी बघायला आलेल्या शेजारणीनं लावलेला, कुणी बंदच केला नव्हता.

“आई, ऊठ,” मुलगी म्हणाली. “लोक येतील आता.”

आई उठली आणि आधी भिंतीवरचं बटण दाबलं.