निळीचा रुमाल

आज बायकोने कपड्यांच्या बादलीत नीळ कालवली आणि मला आरोंद्याचं ते लग्न आठवलं. मांडवावर निळी ताडपत्री होती. तिच्याखाली सगळ्यांचे चेहरे पाण्यात बुडून आल्यासारखे दिसत होते. मुलीकडचा फोटोग्राफर मी, माझ्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यासकट. मुलाकडून आलेला माझाच शाळासोबती, गळ्यात नवाकोरा डिजिटल. बायका माझ्याकडे पाठ करून त्याच्या पडद्यात डोकावत होत्या आणि माझा नुसता जळफळाट होत होता. तेवढ्यात तो म्हणाला, “तुझ्याकडे पांढरो रुमाल आसा काय रे? ह्या कॅमेऱ्याक आधी पांढरा काय ता दाखवूचा लागता, मगे तो बाकीचे रंग बरोबर धरता.” माझ्या एका खिशात पांढराशुभ्र रुमाल होता, दुसऱ्यात आईच्या हातून नीळ जास्त झालेला. मी मुद्दाम दुसरा दिला. कॅमेऱ्याने त्या निळसर कापडालाच पांढरं मानलं की फोटो पिवळे पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पडलेही. महिन्याभराने मुलीच्या घरी दोन्ही अल्बम शेजारी उघडले. माझ्यात नवरी काळीनिळी, त्याच्यात अंगभर हळदीचं ऊन. “माझा चेडू कसा सोन्यासारखा दिसता!” म्हणत तिच्या आईने माझा अल्बम मिटून बाजूला सारला. आता माझ्याकडेही डिजिटल आहे आणि बॅगेत निळीचा एक रुमाल कायम असतो. तो रंग पुन्हा का जमला नाही, असं तो बिचारा अजून मलाच विचारतो. मी मेलो तरी सांगणार नाही.