पर्मनंटला तारीख नसते

चिकलठाण्याच्या विमानतळात तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे मी कॅनडाला निघाले तेव्हा माझ्या वडिलांना, अण्णांना, पटलंच नाही. जालना रोडवरच्याच एका कारखान्याच्या गेटावर त्यांची अर्धी जिंदगी गेली होती. तिथंही हीच रीत, आधी पास दाखव, मग आत. "गाव आपलं," ते म्हणाले, "अन् गेट तेवढं दुसऱ्याचं." माय डोळ्याला पदर लावून उभी होती. माझी धाकटी बहीण नंदा बॅग ओळखू यावी म्हणून तिच्या पट्ट्याला निळी फीत बांधत होती. अण्णा मात्र शिपायाकडं, तिकिटाकडं, दिल्लीहून पुढं जायच्या विमानाच्या कागदाकडं आळीपाळीनं संशयानं बघत होते. मी आत वळताना एवढंच बोलले, "कुणी काय बी कबूल केलं तर लिहून घेत जा. तोंडचं काय खरं नसतंय."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, कुणाला खटकलं तर खटकू दे. अण्णा कारखान्यात टेम्पररी होते. टेम्पररी माणसाला सलग ठेवलं तर तो पर्मनंटचा हक्क सांगेल, म्हणून त्याला मधेच 'ब्रेक' द्यायचे. काही दिवस घरी बस, मग नवीन लागल्यासारखा परत ये. अण्णा असे जन्मभर नवीनच लागत राहिले. पर्मनंट हा शब्द आमच्याकडं लग्नातल्या सोन्यासारखा होता. बघायला मिळायचा, पण दुसऱ्याच्या अंगावर.

म्हणून कॅनडात नोकरीची काही वर्षं काढल्यावर मला पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे पीआर, तिकडं कायम राहायचा परवाना मिळाला, तेव्हा मी पहिला फोन मुकुंदवाडीला केला. अण्णांनी व्हिडिओवर कार्ड दाखवायला लावलं. चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघितलं.

"खाली ही तारीख कसली?"

"कार्डाची मुदत आहे अण्णा. कार्ड बदलून मिळतं. मी पर्मनंटच."

"पर्मनंटला तारीख नसती, पोरी."

तरी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. स्वतःचे वाटायचे राहून गेले होते, ते त्यात धरले असतील. माय म्हणाली, पेढे देताना प्रत्येकाला सांगत होते, "तारीख हाय त्याच्यावर, पण झाली म्हणत्यात."

इकडं राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं तिकडं गेलेल्यांनाही एक गोष्ट नीट समजत नाही, म्हणून सांगते. पर्मनंट झाल्यानं पासपोर्ट बदलत नाही. माझा भारताचाच आहे, जन्मगाव औरंगाबाद छापलेला. आता घरच्यांच्या नव्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर येतं आणि हे एकच गाव आहे म्हटलं की व्हिसाच्या खिडकीपलीकडचा माणूस माझ्याकडं अण्णांसारखाच बघतो. मी कुठंही निघाले की विचारतात पासपोर्ट कुठला, राहते कुठं ते नंतर. काही देश कार्डधारकांना व्हिसातून सूट देतात, पण कार्ड चालू पाहिजे. संपलेलं कार्ड दाखवलं की तुम्ही पुन्हा टेम्पररी.

हे मला नंदाच्या लग्नाच्या वेळी कळलं. सोयगावचं स्थळ आलं, तेव्हा मी फोनवर स्पष्ट विरोध केला होता. पोरीचं एमएस्सी पुरं होऊ द्या, मग बघा, म्हटलं होतं. नंदाला मुलगा आवडला होता. ती तेव्हा माझ्याशी तोडून बोलली. मग मीच समजूत काढली, "मी येते. मंगल परिणयाला तुझ्या शेजारी उभी राहते." तेव्हा माझ्या कार्डाची मुदत संपली होती आणि नवीन यायचं होतं. कॅनडात परत शिरताना लागणारा कागद भारतातून काढता येतो, एवढं मी शोधून ठेवलं होतं. तिकीट काढून देणारा म्हणाला, "पीआर आहे ना? मग झालं." मी प्रत्येकावर शंका घेणारी बाई, पण ह्या एका शब्दावर घेतली नाही.

कॅनडातल्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटून पाहिलं. मधे एका देशात विमान बदलायचं होतं. बाहेर पडायचं नव्हतं, नुसतं बाकावर बसायचं होतं. तेवढ्यालाही भारतीय पासपोर्टवर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागत होता आणि सूट फक्त चालू कार्डाला. मी म्हटलं, "मी पर्मनंट आहे." ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही आहात. कार्ड नाही."

दुसऱ्या वाटेनं जाणारं विमान लग्नानंतरच पोचत होतं. बॅग घेऊन मी परत खोलीवर आले. निळी फीत अजून तशीच होती पट्ट्याला. नंदाचं लग्न मी फोनवर बघितलं. भंतेजी त्रिशरण म्हणत होते, पांढऱ्या साडीत ती हात जोडून उभी होती आणि तिच्या शेजारी मामी.

त्या दिवसापासून घरात माझ्यावर संशय सुरू झाला. वैजापूरच्या मामांनी मांडवातच सांगून टाकलं, "पर्मनंट झालेल्याला गेटावर कोण अडवतंय? मनात नव्हतं म्हणा सरळ." माय फोनवर म्हणायची, "मला कळतंय गं," पण आवाजात कळल्यासारखं काही नसायचं. नंदा माझ्या मोठ्या मोठ्या मेसेजना नुसता अंगठा पाठवायची.

नवीन कार्ड आल्यावर मी पहिल्यांदा घरी गेले. नंदा सोयगावहून आली, पण माझ्याशी पाहुण्यासारखी बोलली. चहा घेणार का, प्रवास बरा झाला का. दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं ताटावरून मान न उचलता विचारलं, "खरं सांग ताई. तुला यायचंच नव्हतं ना?"

मी सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "पर्मनंट झालेल्या माणसाला विमानतळावर नुसतं बसू देत नाहीत? हे कुणाला सांगतीस?"

मी कार्ड आणायला उठले. अण्णा म्हणाले, "बस खाली. घरात पास दाखवायचा नसतो." मग नंदाकडं वळले. "तू पहिली-दुसरीला असशील. मला ब्रेक मिळाला होता. घरी बसलेलो. तू शेजारच्या बाईला काय सांगितलंस, आठवतंय? अण्णाला कामावर जायचंच नाय, खोटं सांगतंय म्हणून."

"मी?"

"मग काय मी? सारी गल्ली हसली. मी गेटावर जाऊन हात जोडून आलो होतो, हे तुला काय ठावं. तुझ्या अकलेला तेवढंच दिसलं, बाप घरी बसलाय."

माय म्हणाली, "जेवा आता, भाकरी गार होतीय." नंदानं माझ्या ताटात ठेचा वाढला, मला लागतो त्यापेक्षा जास्त. मी तो सगळा खाल्ला.

सकाळी बघते तर नंदा मायच्या कपाटात ठेवलेली लग्नातली पांढरी साडी नेसून दारात उभी. "चल, फोटो काढू," म्हणाली. मी आहे त्या कपड्यांत तिच्या शेजारी उभी राहिले. अण्णांनी फोन तिरका धरून फोटो काढला. फोटोच्या कोपऱ्यात फोननं आपोआप तारीख टाकली होती. नंदानं ती बघितली आणि फोन माझ्या हातात दिला. "ही काढून टाक. अल्बमात लग्नाच्या फोटोंमधी लावायचाय."

तिकडं ऑफिसातले लोक म्हणतात, नागरिकत्व घेऊन टाक, व्हिसाची कटकट संपेल. पण मग हा पासपोर्ट परत द्यायचा आणि मुकुंदवाडीला यायला मलाच परवानगी काढायची. अण्णांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं घेतलं की इकडनं कमी करतेत का?" कारखान्यातही काढलेल्या माणसाला 'कमी केला' असंच म्हणायचे. नागरिकत्वाचा अर्ज मी अजून भरलेला नाही. पुढंमागं भरीनही. पर्मनंट ह्या शब्दावर मात्र पुन्हा भरवसा ठेवणार नाही.

परतताना चिकलठाण्याच्या गेटावर शिपायानं पुन्हा अण्णांना अडवलं. ह्या वेळी ते भांडले नाहीत. मला म्हणाले, "जा. तुझा ब्रेक संपला." आणि स्वतःच हसले.

माझ्या नवीन कार्डावर तारीख आहे, पासपोर्टावर आहे, परतीच्या तिकिटावर तर होतीच. नंदाच्या अल्बमात मामीच्या फोटोनंतर माझा फोटो आहे. त्यावर नाही.