फोन धरणारा हात

टाळेबंदीत आमचं मुलामुलींचं केंद्र बंद पडलं आणि मी फोनवरचा समुपदेशक झालो. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि हातात छापील प्रश्नावली. केंद्रात येणाऱ्या रेश्माला व्हिडिओ कॉल लावला आणि दवंडी पिटावी तशा खणखणीत आवाजात सातवा प्रश्न वाचला, "घरी कुणी मारतं का?"

विचारून झाल्यावर मला दिसलं, की तिचे दोन्ही हात ओढणीचं टोक पिळत होते. मग फोन कुणी धरला होता?

"सांग की सरांना," पडद्याबाहेरून तिचा बाप हसत म्हणाला. "मारतो का मी?"

"नाही सर."

केंद्रात ती बोलायची ती कॅरम खेळताना, सोंगटीवरची नजर न हलवता. ऐकणाऱ्यानेही सोंगटीकडेच बघायचं, ही तिथली रीत. केंद्र घरोघरी नेलं म्हणून आम्ही स्वतःची पाठ थोपटत होतो. एका खोलीच्या घरात ते बापाच्याच फोनवरून नेलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी 'नाही'समोर खूण केली.

बायको भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "तुमचं विचारून झालं. आता तो विचारत असेल तिला, सरांना आधी काय काय सांगितलंस म्हणून."