मागचं डावं चाक

वडील गेले आणि त्यांची जुनी गाडी माझ्याकडे आली. तेव्हा आम्ही कुडव्याला राहत होतो, मी शाळेत मास्तर होतो. गाडीची बारीकसारीक कामं वडील घरीच करायचे. त्यांच्या हाताखाली मीही थोडंफार शिकलो होतो. २००३ च्या दिवाळीच्या सुटीत मी मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू बदलायला घेतले.

चाक काढलं, ड्रम हातोडीनं ठोकून सैल केला. आत काळी भुकटी साचलेली, लायनर झिजून पार लोखंडाला भिडलेले. उजवी बाजू नीट झाली. डाव्या शूची वरची स्प्रिंग मात्र काही केल्या छिद्रात बसेना. ती ताणून धरायची पक्कड सापडत नव्हती, म्हणून मी पेचकसानंच रेटली. बसली असं वाटलं. ड्रम चढवून चाक हातानं फिरवलं, तर दर फेऱ्याला आत एकदा टक् असा बारीक आवाज. वडील असते तर त्यांनी पुन्हा सगळं उघडायला लावलं असतं. मला भूक लागली होती. नवं आहे, चालून चालून बसेल, असं म्हणालो आणि हात धुतले.

तिसऱ्या दिवशी शेजारी गाडी मागायला आला. तो आमगावच्या रस्त्यावर दुसऱ्याची प्रवासी जीप चालवायचा. साळ्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बायकोला घेऊन जायचं होतं. त्याच्यासारखा सांभाळून चालवणारा ड्रायव्हर आमच्या भागात दुसरा नव्हता. मी चावी दिली. ब्रेक नवे आहेत, एवढंच सांगितलं.

त्याच दुपारी गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. रस्त्यात म्हैस आडवी आली, त्यानं ब्रेक मारला आणि गाडी गर्रकन फिरून रस्त्याखालच्या धानाच्या बांधीत उलटली. त्याला नुसतं खरचटलं होतं. बायकोचा गुडघा चेचला गेला, तिला दवाखान्यात ठेवून तो आला होता.

"माहीच चूक झाली, भाऊ," तो म्हणाला. "माह्या पायाले जीपची सवय. जोरात दाबलो."

तो दवाखान्यात परत गेल्यावर मी डावा ड्रम उघडला. स्प्रिंग सुटून शू आणि ड्रमच्या मध्ये अडकली होती. ब्रेक दाबताच चाक जागच्या जागी जाम झालं होतं. पाच मिनिटांत सायकलनं दवाखाना गाठता आला असता. मी स्प्रिंग उकिरड्यात फेकली आणि घरात जाऊन बसलो.

त्याची बायको, आमच्या वहिनी, चार महिन्यांनी उठल्या. डावा पाय ओढत चालू लागल्या. त्यानं पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. त्याचा मोठा भाऊ चौकात चार लोकांसमोर म्हणायचा, "बायकोले लंगडी केलं यानं." तो खाली मान घालून ऐकायचा.

संध्याकाळी तो ओट्यावर बसायचा. बसल्या बसल्या त्याचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जायचा. सोडायचा, पुन्हा हळूच दाबायचा. मी खिडकी लावून घ्यायचो. शाळेत फळ्यावर खडू टेकला तरी मला तो टक् ऐकू यायचा आणि मुलं माझ्याकडे बघत राहायची.

एकदा त्यानं विचारलं, "भाऊ, तुमी गाडी काऊन नाही काढत आता?"

"पेट्रोल परवडत नाही," मी म्हणालो.

दहा वर्षांनी त्याला कावीळ झाली. सांगायचंच असं ठरवून मी दवाखान्यात गेलो. खाटेभोवती त्याचे नातेवाईक होते. मी तब्येत विचारली आणि परत आलो. दोन दिवसांनी तो गेला.

तेरवी झाल्यावर मी वहिनींपुढे सगळं बोललो. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. हात थांबले.

"कवापासून मालूम होतं तुमाले?"

"त्याच दिवसापासून."

त्यांनी हातातले तांदूळ सुपात सोडले. मग म्हणाल्या, "झोपेतबी पाय दाबत होते ते, भाऊजी. मले कायले सांगून राहिले आता? त्यायले सांगाचं होतं."

त्याच्या मोठ्या भावालाही मी सांगतो, एवढंच म्हणालो. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चला," म्हणाल्या.

आधाराला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. भावाच्या अंगणात उभा राहून मी पहिल्यापासून सांगितलं. तो ऐकता ऐकता खाटेवर बसला.

"आता बोला ना," वहिनी त्याला म्हणाल्या. "तवा चौकात बोलत होते तसं."

त्यानं मान खाली घातली. मला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मी तसाच उभा राहिलो.