छ्या मिस्त्री आणि नवा क्रँक

मिस्त्रींचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुणाचंही काम बघितलं की नाक मुरडून "छ्या" म्हणायचे, म्हणून सगळे त्यांना छ्या मिस्त्री म्हणत. उभा जन्म मोटरसायकलींची इंजिनं उघडण्यात गेला आणि त्या उभ्या जन्मात स्वतःखेरीज एकही धड मेकॅनिक त्यांना भेटला नाही. शेजारचा वेल्डर म्हणजे नुसता ठिणग्या उडवणारा, शोरूममधली पोरं म्हणजे गणवेश घातलेली बुजगावणी. गॅरेज बंद करून घरी बसले तरी खोड काही गेली नाही. उलट तुच्छ मानायला आता घरचाच माणूस मिळाला होता. जावई.

जावई विम्याच्या ऑफिसात खुर्ची उबवणारा. मऊ हातांचा, हळू बोलणारा. असल्या माणसाच्या हातात पाना देणं म्हणजे पान्याचा अपमान, असं मिस्त्रींचं स्पष्ट मत होतं आणि ते त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. त्यावर लेक जी उठून गेली ती वर्षभर फिरकली नाही. बायको आधीच गेलेली, लेक एकुलती एक. त्या वर्षात मिस्त्री चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायले. शेवटी ती आली ती दारातच बजावून, "अण्णा, पुन्हा एकदा त्याला टाकून बोललात तर मी आले नव्हते असं समजा." मिस्त्रींनी मान डोलावली. लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे.

आणि नेमकं याच जावयाला अंगणात ताडपत्रीखाली पडलेली सासऱ्याची जुनी मोटरसायकल उभी करायचा झटका आला. दर सुट्टीला नवरा-बायको येऊ लागले. इंजिनाच्या पोटातला क्रँक, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा, पार झिजला होता. तसा आता मिळत नाही, म्हणून जावयाने त्याच गाडीच्या नंतरच्या मॉडेलचा क्रँक आणला आणि कौतुकाने सासऱ्याच्या हातात दिला.

मिस्त्रींना ते लगेच दिसलं. नव्या क्रँकचं एक टोक जुन्यापेक्षा बारीक होतं. झाकणातला रबरी सील त्या टोकाला घट्ट धरतो, तेव्हा कुठे तेल दांड्याच्या आतून पिस्टनला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडपर्यंत पोचतं. जुना सील या टोकावर सैल बसणार, तेल बाहेरच्या बाहेर गळणार. अंगणात गाडी झकास चालेल, पण रस्त्यावर तापली की इंजिन जाम होईल आणि मागचं चाक अडकेल.

एका वाक्याचं काम होतं. पण मिस्त्रींनी क्रँक परत दिला आणि म्हणाले, "छान आहे." लेकीनेच तोंडाला कुलूप घातलंय ना, मग घ्या. कोपऱ्यावर गाडी बंद पडेल, हे ध्यान ती ढकलत घरी आणेल आणि मग लेकीला आपोआप कळेल की बाप काय म्हणत होता. या विचाराने त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

त्यानंतर ते खुर्ची टाकून तमाशा बघत बसले. जावई एकेक बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून टूथब्रशने घासायचा, मोबाइलवर फोटो काढायचा. मिस्त्री गालातल्या गालात हसायचे. बेअरिंगची जागा गरम करून त्याने क्रँक हातोडी न लावता अलगद आत उतरवला. हे काम चांगलं झालं होतं, पण तेवढं म्हणायला मिस्त्रींची जीभ रेटली नाही. झाकण लावायच्या आधी जावयाने विचारलं, "अण्णा, एकदा नजर टाकता का?" मिस्त्रींनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर केलं नाही. "लावा की, जावईबापू. तुम्हाला कोण शिकवणार?"

गाडी सुरू झाली त्या सकाळी लेक हेल्मेट घेऊन बाहेर आली. दोघं डोंगरावरच्या रस्त्याने लांब फिरून येणार होते. मिस्त्री खुर्चीतून उठले. त्यांच्या हिशेबात लेक नव्हतीच.

"तू नको जाऊस," ते म्हणाले.

तिने का म्हणून विचारलं. सीलचं सांगावं, तर ती दुसरा प्रश्न विचारणार, तुम्हाला कधी कळलं? मिस्त्रींच्या तोंडात जे कायम तयार असायचं तेच बाहेर पडलं. "त्याला गाडीतलं काय कळतंय?"

लेकीचा चेहरा उतरला. "वाटलंच मला," म्हणाली आणि नवऱ्याच्या मागे बसली. मिस्त्री फाटकापर्यंत धावले, पण तोवर गाडी वळली होती.

पुढचा सगळा दिवस ते फाटकाला धरून उभे होते. फोन लावले, तिने उचलले नाहीत. वेल्डर येऊन जावयाच्या कामाची तारीफ करून गेला, तर मिस्त्रींच्या तोंडून छ्या निघेना.

ऊन कलल्यावर इंजिनाचा आवाज आला, एकसारखा, निकोप. मिस्त्री अनवाणी धावले. लेकीचे खांदे, हात चाचपून बघितले आणि त्या भरात जावयाला विचारून बसले, "जुना सील टिकला कसा?"

"जुना कुठे?" जावई हातमोजे काढत म्हणाला. "टोक बारीक आहे ना, म्हणून त्या मापाचा सील क्रँकबरोबरच आणला होता. तोच तर तुम्हाला बघा म्हणत होतो." आणि मग तो थांबला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

मिस्त्रींनी लेकीकडे बघितलं. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला त्यांच्याकडे उत्तरं होती. तिने हळू आवाजात विचारलं, "मी मागे बसले तेव्हासुद्धा?"

मिस्त्रींनी मान खाली घातली.

तिने हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं आणि नवऱ्याला चल म्हणाली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.