प्रसादाच्या आधीची कॅप्सूल

देवी मले विसरली, असंच वाटत होतं मले.

मले जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस हाय. छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होते आन् जंतू त्यात घर करून बसते. माह्या छातीत सुडोमोनास नावाचा जंतू कित्येक वर्षांपासून मुक्कामाले हाय, पण यंदा चैत्रात तो लय माजला. ताप उतरेना, दोन पावलं चालली की धाप. रिपोर्टमध्ये लिहून होतं की एक औषध त्याच्यावर लागू हाय, ते सलाईनमधून दिलंही, तरी फरक नाई. ऊर्जानगरच्या क्वार्टरात मी खिडकी लावून एकटीच पडून राह्यची. मैत्रिणींचे मेसेज यायचे, मंग तेही कमी झाले, कारण मीच काही लिहीत नव्हती.

आईनं महाकालीले नवस बोलला होता. यात्रेच्या गर्दीत मले जाता येत नाई, म्हणून ती ओटी घेऊन देवळात गेली आन् मी मास्क लावून बाहेर कडुनिंबाखाली बसली. खोकला सुरू झाला. बाजूची बाई पोराले म्हणे, "सरक इकडं, टीबी हाय वाटते पोरीले." सवय हाय मले, पण त्या दिवशी लागलं. मनातच देवीले म्हटलं, तुह्या दारातही माह्याजवळ कोणी बसत नाई, आता मी कुठी जाऊ.

आई शिऱ्याचा प्रसाद घेऊन आली. या आजारात तूप पचत नाई, म्हणून आधी माही पाचक रसाची कॅप्सूल गिळली, मंग घास घेतला. समोरून एक काका येत होते, सोबत माह्याच वयाची पोरगी. त्याईनं माह्या हातातली कॅप्सूलची डबी पाह्यली आन् पोरीले खांद्याले धरून मागं ओढलं. आईचा पाराच चढला. "काऊन भाऊ, माही पोरगी काय खाते का तुमच्या पोरीले?"

काका तिथूनच म्हणे, "रागावू नका बाई. माही पोरगीबी प्रसादाच्या आधी हीच कॅप्सूल घेते. दोघी जवळ आल्या तं एकीचे जंतू दुसरीले लागतीन."

मंग आईचं आन् त्याईचं लांबूनच, जवळजवळ ओरडून बोलणं झालं. काका आरमोरीचे, धान पिकवणारे. म्हणे, "आमचे डॉक्टर सांगत होते, जंतू छातीत जुना झाला की त्याचेच लय वाण होते, धानासारखे. एखादा निवांत, एखादा जहाल. तपासणीत एकच उचलला तं बाकीचे सुटते. हिचे जंतू जास्त तपासले तवा जहाल सापडला. विचारून तं पाहा."

त्या पोरीनं पिशवीतून वाफ घ्यायची मशीन काढून मले दाखवली. मीही माही दाखवली. दोघी हसलो, आन् दोघींलेही सोबतच खोकला आला.

आमच्या डॉक्टरले तशी तपासणी करता का विचारलं, ते लगेच हो म्हणाले. नव्या तपासणीत एकाच जंतूचे येगयेगळे प्रकार निघाले, त्यातल्या एकावर आधीचं औषध चालतच नव्हतं. औषध बदललं, हळूहळू ताप उतरला. डॉक्टर म्हणे, नेमकं कशानं झालं हे सांगता येत नाई. मीही सांगत नाई.

जंतू अजून हाय, तो जाणार नाई. त्या पोरीजवळ मी कधीच बसू शकणार नाई, तिचं नावही विचाराचं राह्यलं. पण आता देवीले बरं कर असं म्हणत नाई मी. ती देते तेवढा श्वास घेते, आन् सकाळी मशीन लावली की आरमोरीकडं तोंड करून बसते.